उशीच्या उंचीवरून

काही माणसांना गाडी लागते. बस सुटायच्या आतच ती खिडकीची जागा धरून लिंबू हुंगायला लागतात. थांबाताईंना गाडी लागायचीच, पण त्यांना स्क्रीनसुद्धा लागायचा. शेजारच्या टेबलावर कुणी इमारतीचं मॉडेल उघडून माऊसने गरगर फिरवलं की यांच्या पोटात ढवळून यायचं, आणि त्या हात वर करून ओरडायच्या, "अरे थांबा, थांबा! फिरवू नका!" इमारतींचे आराखडे करणाऱ्या ऑफिसात हा प्रकार दिवसातून कितीदा होत असेल याची कल्पनाच केलेली बरी. त्यामुळे त्यांचं खरं नाव पगारापुरतं उरलं आणि बाकी सगळ्यांसाठी त्या थांबाताई झाल्या.

ज्या बाईला मॉडेल फिरलेलं सोसत नाही तिने या धंद्यात राहावंच कशाला, असं कुणीही विचारेल. त्यांनाही एकदा तसंच वाटलं होतं. डिप्लोमा करून त्या इथे लागल्या तेव्हा तिरप्या फळ्यांवर कागद ताणून रेघा मारायचे दिवस होते. त्यांची रेघ इतकी स्वच्छ असायची की थोरले साहेब, म्हणजे हे ऑफिस काढणारे आर्किटेक्ट, त्यांचा कागद भिंतीला लावून चहा पिता पिता बघत बसायचे. पुढे कॉम्प्युटर आले, तेही ताईंनी पचवले. मग ते नवं सॉफ्टवेअर आलं. त्यात भिंती, दारं, तुळया, जिने अशी सबंध इमारतच उभी करता येते, आणि हवी तिथून बघता येते: आभाळातून, जमिनीखालून, छप्पर उचलून, भिंतीतून आरपार. सगळं ऑफिस जत्रेतल्या पाळण्यात बसलेल्या पोरांसारखं हरखून गेलं. थांबाताईंनी पहिल्याच आठवड्यात बेसिन गाठलं आणि तोंड धुऊन आल्या आल्या राजीनामा लिहिला.

थोरल्या साहेबांनी तो वाचला नाही. त्यावर चहाचा कप ठेवला.

"मला सांग, इमारत कधी फिरते का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग तू कशाला फिरवतेस? ती असते तिच्या जागी. आपण जातो. दारात उभी राहा, बघ. चार पावलं पुढे जा, पुन्हा उभी राहा, पुन्हा बघ. कुणी धावायला सांगितलंय तुला?"

त्या दिवसापासून ताईंनी मॉडेल कधी फिरवलं नाही. त्या आत शिरून एक जागा धरायच्या, तिथे सॉफ्टवेअरमधला कॅमेरा ठेवायच्या, बघणाऱ्याच्या डोळ्यांची उंची ठरवायच्या, आणि तिथून दिसणारा व्ह्यू नाव देऊन जपून ठेवायच्या. मग पुढची जागा. बाकीच्यांच्या फायलींत 'थ्रीडी सतरा', 'थ्रीडी सतरा कॉपी', 'थ्रीडी सतरा कॉपी खरी' अशी नावं असायची, आणि आत काय आहे ते आठवड्याभराने नाव देणाऱ्यालाही सांगता यायचं नाही. ताईंच्या फायलीत 'जिन्याच्या वळणावरून खालच्या दाराकडे', 'ओट्यापाशी उभं राहून खिडकीबाहेर', 'सफाईवाल्या बाईंच्या खोलीतून नळाकडे' अशी सरळ मराठी वाक्यं असत. नुसती नावं वाचत गेलं तरी माणूस इमारतीत फिरून यायचा. साइटवरचे इंजिनिअर बाकी कुणाची फाइल उघडायची तर कुरकुरायचे, आणि ताईंची मिळाली की त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

गुणी माणूस म्हटला की तो मऊ बोलणारा असणार, असा आपला एक गोड गैरसमज असतो. ताई मऊ वगैरे अजिबात नव्हत्या. एकदा एका दवाखान्याचं मॉडेल सगळ्यांनी वरून, खालून, कापून, फिरवून पाहिलं आणि छान म्हणून मान डोलावली. ताईंनी मात्र पेशंट बसतात त्या खुर्चीत कॅमेरा ठेवला आणि बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं, "इथे माणूस तासभर बसणार. समोर काय बघणार, माहितीये का? संडासाचं दार. उघडणारं, मिटणारं आणि परत उघडणारं." डॉक्टर हसून हसून बेजार झाले. ज्याने ते दार तिथे ठेवलं होतं तो मात्र दोन दिवस ताईंशी बोलला नाही, आणि ताईंनीही त्याची समजूत काढली नाही. कौतुक करताना त्या चिक्कू होत्या आणि चूक दाखवताना सढळ, हे त्यांच्या बाजूच्या माणसांनीही मान्य करावं. पण इमारतीत राहणाऱ्या माणसाच्या जागी जाऊन बसायचं कसब त्यांच्याइतकं कुणाकडेच नव्हतं, हेही तितकंच खरं.

थोरले साहेब निवृत्त झाले, त्यांचा मुलगा ऑफिस बघू लागला. सगळे त्यांना धाकटे साहेब म्हणायचे. माणूस सरळ आणि कष्टाळू. आणि मग एका सकाळी थोरल्या साहेबांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. इतक्या शब्दांतून एकच शब्द हाती राहिला, 'बरं'. पाणी हवं असलं तरी बरं, नको असलं तरी बरं, रागावले तरी बरंच. सुरुवातीला घरचे त्या 'बरं'चा अर्थ लावायला बघायचे. हळूहळू त्यांनी हात टेकले.

एका मंगळवारी धाकटे साहेब ताईंच्या टेबलापाशी आले आणि कडेला टेकून उभे राहिले.

"ताई, आमच्या घराचं मॉडेल आहे ना सर्व्हरवर, ते काढून टाका. काम बंद केलंय."

"का?"

"बाबांसाठी मागची खोली तयार करायची होती. शांत आहे, बाथरूम लागून आहे. मी मॉडेल टीव्हीवर लावून दाखवलं त्यांना. छप्पर काढून, सगळ्या बाजूंनी फिरवून, अगदी नीट. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि तोंड भिंतीकडे केलं. पुन्हा दाखवलं, पुन्हा तेच." धाकटे साहेब सरळ उभे राहिले. "ज्या माणसाने त्या घराचा नकाशा काढला त्यालाच ते ओळखू येत नाही, ताई. डॉक्टर विचारत होते, समजतं का त्यांना? मी नाही म्हणालो. आता समजतच नसेल तर घर काय आणि दुसरी जागा काय. आम्ही दोघं कामावर जाणार, ही त्यांना उचलून उचलून कंबर धरून बसलीय. शुश्रूषा केंद्रात एक खोली रिकामी झालीय. शुक्रवारपर्यंत सांगायचंय."

ताईंनी एवढंच विचारलं, "तुम्ही फिरवून दाखवलंत?"

"हो. म्हणजे काय, दाखवायचं तर..."

"मग डोळे मीसुद्धा मिटले असते."

त्यांनी मॉडेल काढलं नाही. उलट ते उघडून, घराच्या दारापासून मागच्या खोलीपर्यंत जाणाऱ्या वाटेवर एकेक जागा धरत कॅमेरे ठेवले. उंची चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची. दुसऱ्या दिवशी दुपारी लॅपटॉप काखेत मारून त्या साहेबांच्या घरी गेल्या. दिवाणखान्यातच तात्पुरता पलंग टाकला होता. थोरले साहेब त्यावर पडून होते, आणि ज्या हाताने कधीकाळी राजीनाम्यावर कप ठेवला होता तो चादरीवर निर्जीवपणे पडला होता. ताईंना भडभडून आलं. ते आवरायला त्या लगेच कामाला लागल्या.

"साहेब, मी आलेय. फिरवणार नाही. एकेक चित्र दाखवते, थांबून थांबून. बघा तरी."

त्यांनी डोळे उघडले. दाराबाहेरून घर, दारातून आत, दिवाणखान्याच्या कोपऱ्यातून पुढे. ते बघत होते, ताईंची खात्रीच पटली. मागच्या खोलीचं चित्र आलं आणि साहेबांनी डाव्या हाताने लॅपटॉपचं झाकण खाडकन मिटलं. ताईंची बोटं चिमटली.

"बरं!" साहेब ओरडले.

"बघितलंत ना?" धाकटे साहेब दारातूनच म्हणाले. "सोडा, ताई. तुम्ही आलात हेच खूप झालं."

सूनबाईंनी ताईंच्या बोटांवर बर्फ धरला. "बाबांना स्क्रीनच नको वाटतो," त्या म्हणाल्या. पलंगावरच्या माणसाला कुणी काही विचारलं नाही. खरं सांगायचं तर ताईंनीही विचारलं नाही.

घरी जाताना रागाच्या भरात त्यांनी एक नको ते केलं. बसमध्ये मांडीवर लॅपटॉप उघडून तेच व्ह्यू पुन्हा बघत बसल्या. व्हायचं तेच झालं. घरी पोचल्या त्या भिंत धरत, आणि चपला न काढता पलंगावर आडव्या झाल्या. ताईंचे यजमान लोकांना मोटार चालवायला शिकवायचे, आणि लग्नानंतर ताई त्यांच्या गाडीत एकदाच बसल्या होत्या. त्यामुळे असल्या चकरा त्या घराला नव्या नव्हत्या. यजमान आणि कॉलेजातली लेक पलंगाच्या पायथ्याशी येऊन उभे राहिले.

"बाबा, आईला काही खायला देऊ या का?"

"नको, उलटी होईल. पाणी देऊ."

"पण तिला गार लागेल का? कोमट करू?"

"अगं, तिला आता गार काय आणि कोमट काय. पडू दे."

"अहो, मी इथेच आहे!" ताई म्हणाल्या. पण आवाज इतका बारीक निघाला की दोघंही बोलत बोलत स्वयंपाकघरात निघून गेली.

ताई छताकडे बघत पडून राहिल्या. ट्यूबलाइट थेट डोळ्यांत येत होती. कपाटावर एक पट्टा तुटलेली बॅग होती, ती हरवली म्हणून त्यांनी गेल्या वर्षी सगळ्यांना धारेवर धरलं होतं. पंख्याच्या पात्यांवर धूळ होती. एवढी वर्षं या खोलीत काढून त्यांनी यातलं काही पाहिलं नव्हतं. दार त्यांच्या डोक्यामागे होतं, आणि दोघं खोलीत नाहीत हे त्यांना आवाज लांब गेला म्हणूनच कळलं होतं. आपली चूक त्यांना तिथे, चक्कर असतानाच, लख्ख दिसली. साहेब खुर्चीत बसतात किती? सकाळी थोडा वेळ, तोही धरून बसवलं तर. बाकी सगळा दिवस आडवे. आपण त्यांना त्यांच्याच घरात खुर्चीवरून फिरवून आणलं आणि ते जिथे खरंच असणार तिथून काही दाखवलंच नाही. ज्या माणसाने आपल्याला जागा धरायला शिकवलं त्याचीच जागा आपण चुकवली, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

गुरुवारी सकाळी ऑफिसात त्यांनी आल्या आल्या मॉडेल उघडलं. प्रत्येक खोलीत पलंगाची उंची, त्यावर उशी, मान किंचित वर अशा बेताने कॅमेरे ठेवले. मागच्या खोलीतला व्ह्यू उघडला तेव्हा त्यांचा हात तोंडावर गेला. दुपारी त्या पुन्हा साहेबांच्या घरी हजर झाल्या. धाकटे साहेब त्यांना बघून थकल्यासारखे हसले, पण त्यांनी खुर्ची पुढे केली.

"तुम्ही दोघंही बघा," ताई म्हणाल्या. मग पलंगाकडे वळल्या. "साहेब, काल माझं चुकलं. मी तुम्हाला खुर्चीत बसवलं होतं. आज उशीवरून बघू. नको असेल तर हाताने बाजूला सारा, मी पुढे जाते."

पहिलं चित्र मागच्या खोलीचं. माळ्याची खालची बाजू, कपाटाचा माथा, आणि इतक्या उंचावरची खिडकी की तिच्यातून आभाळाची एक चिंधी दिसावी. दार कुठे दिसतच नव्हतं. साहेबांचा डावा हात उठला आणि त्याने लॅपटॉप ढकलला. या वेळी कुणी 'बघितलंत ना' म्हणालं नाही.

"अगंबाई," सूनबाई हळूच म्हणाल्या, "इथे तर आपण आत आलेलो पण दिसणार नाही."

दिवाणखाना. समोर टीव्ही, बाजूला सोफ्याची पाठ. हाताने सारला. वरची, त्यांची स्वतःची झोपायची खोली. तिथे ते बराच वेळ थांबले, डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या, आणि मग तीही सारली. जिना आपल्याला चढता येणार नाही हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पुढचं चित्र जेवणघराचं. ती खोली अशी नव्हतीच, चारी वाटा जिथे मिळतात अशी घराच्या मधली जागा होती. तिथे टेबलाच्या जागी उशी ठेवली तर एका नजरेत बाहेरचं दार, स्वयंपाकघर आणि जिन्याचा पायथा दिसायचा. साहेबांनी हात उचलला आणि पंजा स्क्रीनवर सपाट ठेवला. काढला नाही.

"बरं," ते म्हणाले.

"इथे?" धाकटे साहेब म्हणाले. "ही तर जायची-यायची वाट आहे. ताई, त्यांचा हात दमून पडला असेल तिथे. तुम्ही उगाच अर्थ काढताय."

ताईंना राग आला, आणि राग आला की त्यांचं डोकं फार छान चालायचं. मॉडेलमधून त्यांनी जेवणाचं टेबल उडवलं, तिथे पलंग टाकला, आणि मुद्दाम उलटा टाकला. म्हणजे उशी दाराकडे आणि झोपणाऱ्याचं तोंड कोऱ्या भिंतीकडे. मग त्या उशीवरचा व्ह्यू उघडून स्क्रीन साहेबांसमोर धरला. भिंत, भिंतीवर दिव्याची बटणं, संपलं.

साहेबांच्या कपाळावर आठी पडली. ती आठी ताईंनी फळ्यांच्या काळापासून पाहिली होती. नकाशात दार उलटं उघडलं की ती पडायची आणि पुढचा अर्धा तास चूक करणाऱ्याचा असायचा. साहेबांनी नखाने स्क्रीनवर टकटक केलं. मग बोट उचलून हवेत एक अर्धं वर्तुळ काढलं. कुणाला नीट दिसलं नसेल म्हणून पुन्हा काढलं.

"बरं!" ते म्हणाले, आणि या 'बरं'चा अर्थ 'एवढंही कळत नाही का' असा होता, याबद्दल खोलीतल्या कुणालाही शंका राहिली नाही.

धाकटे साहेब दारातून पुढे आले. पलंगापाशी खाली बसले. "बाबा," त्यांनी विचारलं, "उलटा टाकलाय का पलंग?"

बापाने लेकाकडे पाहिलं. हात शांतपणे चादरीवर उतरला. ताईंनी पलंग फिरवला, व्ह्यू बदलला, आणि स्क्रीनवर पुन्हा दार, स्वयंपाकघर, जिना आला. ताईंना इतका आनंद झाला की ओरडावंसं वाटलं. पण साहेबांचं अजून संपलं नव्हतं. त्यांचं बोट पलंगाच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर आलं आणि तिथे ठोकू लागलं.

ताईंनी तिथे कपाट ठेवलं. बोट ठोकतच राहिलं. खुर्ची ठेवली. नाही. पडदा लावला, आडोसा हवा असेल म्हणून. साहेबांनी डोळे मिटून मान इतकी वैतागून हलवली की सूनबाईंना त्याही परिस्थितीत हसू फुटलं.

"थांबा," धाकटे साहेब म्हणाले. ते खोलीच्या मधोमध बघत होते. "ताई, तुम्ही तिथलं टेबल काढलंत ना मघाशी?"

ताईंनी जेवणाचं टेबल परत आणलं आणि भिंतीकडे सरकवून पलंगाला खेटून ठेवलं. बोट थांबलं. साहेबांनी पापण्या मिटल्या, पण तोंड भिंतीकडे केलं नाही.

सूनबाई रडायला लागल्या. "आम्ही त्यांना शांतता मिळावी म्हणून मागे नेत होतो," त्या म्हणाल्या. "त्यांना शांतता नकोच होती. आम्ही जेवत असताना त्यांना इथे असायचंय."

"मग आता रडत बसू नका, मापं घेऊ या," ताई म्हणाल्या. "पलंग आणि टेबलामधून खुर्ची मागे सरकायला हवी. नाहीतर जेवायला बसलेला माणूस साहेबांच्या पायावर बसेल."

सूनबाईंनी डोळे पुसले आणि कपाटातून टेप काढायला गेल्या. धाकट्या साहेबांचा फोन वाजला. त्यांनी नंबर पाहिला, उभे राहिले, आणि खोलीबाहेर जायचं म्हणून दोन पावलं टाकली. मग काय मनात आलं कोण जाणे, ते परत फिरून पलंगाच्या कडेवर बसले आणि तिथेच फोन उचलला.

"हो, नमस्कार. त्या खोलीबद्दलच सांगणार होतो. नकोय आम्हाला, दुसऱ्या कुणाला द्या." पलीकडचा माणूस काहीतरी विचारत होता. धाकटे साहेब ऐकत होते. "नाही, डॉक्टर काही बोलले नाहीत. नाही, मी पण नाही." त्यांनी वडिलांचा डावा हात हातात घेतला. "बाबांनी ठरवलंय."